कोयना समुद्राकडे पाठ का फिरवते?

पाटण तालुक्यातल्या हेळवाकपासून अरबी समुद्र सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या मुख्य धारेला खेटून सुमारे 65 किलोमीटर दक्षिणेकडे येते. हेळवाकला ती काटकोनात वळते, पण वळते ती पूर्वेला. आणखी 56 किलोमीटर गेल्यावर कराडला ती कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी अख्खं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात पोचतं. साठ किलोमीटरवरचा समुद्र सोडून नदी हजार किलोमीटरहून लांबचा का गाठते, हे समजलं की सह्याद्रीची घडण बरीचशी समजते.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरांवर थर साचले आणि त्यातून बेसॉल्टचं पठार तयार झालं. पठाराची पश्चिम कड उचलली गेली, त्यामुळे सगळ्या प्रदेशाला पूर्वेकडे मंद उतार मिळाला. कडेच्या पश्चिमेला मात्र एकदम कोकणात कोसळणारे कडे. घाटमाथ्यावर पडलेला थेंब धारेच्या कोणत्या बाजूला पडला यावर तो कोणत्या समुद्रात जाणार हे ठरतं. कोयना या धारेच्या पूर्वेला आहे, पण अगदी बेताबेताने. वासोटा किल्ल्याच्या माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला कोयनेचं खोरं आणि दुसऱ्या बाजूला खोल उतरलेलं कोकण, दोन्ही एकाच जागेवरून दिसतात.

मग ती सरळ पूर्वेला का जात नाही? वाटेत बामणोलीची डोंगररांग आहे. महाबळेश्वरपासून दक्षिणेला उतरलेली ही रांग कृष्णा आणि कोयना यांची खोरी वेगळी करते. कोयना या रांगेच्या आणि मुख्य सह्याद्रीच्या बेचक्यात सापडली आहे. तिच्या वरच्या टप्प्यातल्या उपनद्याही अशाच बेचक्यांतल्या. सोळशी आणि कांदाटी बराच काळ कोयनेशी जवळपास समांतर वाहतात आणि तापोळा-बामणोलीच्या परिसरात तिला मिळतात. उतारावरचं पाणी झाडाच्या फांद्यांसारखं पसरत एकत्र येतं, असं आपण शाळेत शिकतो. इथे तसं चित्र नाही, कारण पाण्याची दिशा खडकातल्या भेगांनी आणि रांगांनी आधीच आखून ठेवली आहे. बेसॉल्टच्या खालच्या जुन्या खडकात या भागात उत्तर-दक्षिण दिशेला झुकलेले भ्रंश, म्हणजे खडक सरकलेल्या मोठ्या भेगा, आहेत. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त करणारा 6.3 तीव्रतेचा भूकंप अशाच एका भ्रंशावर झाला. धरणाच्या जलाशयाच्या भारामुळे आणि झिरपलेल्या पाण्याच्या दाबामुळे भूकंपांना कशी चालना मिळते, याच्या अभ्यासासाठी कोयना आज जगभर ओळखली जाते. भ्रंशांपर्यंत पोचण्यासाठी इथे तीन किलोमीटर खोल विंधन विवर घेतलं गेलं. वरचा बेसॉल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला.

कोयनेचं सगळ्यात विलक्षण वैशिष्ट्य तिच्या उतारात आहे. हेळवाकपासून कराडपर्यंतच्या 56 किलोमीटरमध्ये तिचं पात्र पन्नास मीटरही उतरत नाही. तेच हेळवाकहून पश्चिमेला निघालं तर कुंभार्ली घाटाच्या अंगाने थोड्याच किलोमीटरमध्ये साडेचारशे मीटरहून अधिक खाली येतो. कोकणातल्या नद्या आखूड आणि वेगवान असल्याने त्यांचे ओढे कड्याला मागून कोरत पूर्वेकडे सरकत असतात. असाच एखादा ओढा लाखो वर्षांनी धार फोडून पूर्ववाहिनी नदीचं पाणी आपल्याकडे ओढून घेऊ शकतो. भूगोलात याला नदी अपहरण म्हणतात. कोयनेच्या बाबतीत निसर्गाने ते अजून केलेलं नाही.

अभियंत्यांनी केलं. कोयना धरण 103 मीटर उंच आहे आणि शिवसागर जलाशयाची क्षमता 105.25 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे जवळपास तीन अब्ज घनमीटर. धरणाचं पाणलोट क्षेत्र फक्त 892 चौरस किलोमीटर. भागाकार करून पाहिला तर या सगळ्या क्षेत्रावर 3.3 मीटर उंचीचं पाणी उभं राहिलं तरच रिकामं धरण भरेल! महाराष्ट्रात इतरत्र हे अशक्य वाटेल. पण नवजा, कोयनानगर, महाबळेश्वर इथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. कराडला तो जेमतेम 700 मिलिमीटर असतो.

या पाण्याचा मोठा भाग बोगद्यांतून डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेला जातो. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जनित्रं फिरवून तो कोकणात उतरतो. सगळे टप्पे धरून प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॉट आहे. वीज करून झाल्यावर उरलेल्या पाण्याला अवजल म्हणतात. चिपळूणची वाशिष्ठी भर उन्हाळ्यात वाहते ती या अवजलामुळे. बंगालच्या उपसागराचं पाणी अरबी समुद्राला दिलं जात असल्याने त्यावर वाद होणं साहजिक होतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली आहे. या विजेची किंमत जावळी-पाटणच्या गावांनी मोजली. खोऱ्यातली भातखाचरं आणि घरं पाण्याखाली गेली. कांदाटी खोऱ्यातल्या लोकांना पुढची कित्येक वर्षं बाजाराला नाहीतर दवाखान्यात जायचं तर लाँचचाच आधार होता. प्रकल्पाच्या कौतुकात हे बाजूला पडतं, ते पडू नये.

धरणाच्या खाली नदी संपत नाही, हेही पुराच्या दिवसांत हमखास विसरलं जातं. कोयनेचे सहा वक्र दरवाजे किती फुटांवर उघडले याच्या बातम्या तासातासाला येतात आणि सांगली-कराडचे लोक त्यावरून अंदाज बांधतात. पण पाटणला उत्तरेकडून केरा येते, दक्षिणेच्या डोंगरांतून मोरणा आणि वांग येतात. या तिघींचं पाणी कोयना धरण अडवत नाही, कारण त्या धरणाच्या खालच्या अंगाला मिळतात. त्यांच्या खोऱ्यांतही घाटमाथ्याचा पाऊस पडतो. दरवाजे पूर्ण बंद असतानाही कराडला कोयना दुथडी भरू शकते, ती यांच्यामुळे. कराडच्या प्रीतिसंगमावर उत्तरेकडून कृष्णा तारळी, उरमोडी, वेण्णेचं पाणी घेऊन समोर येते. पुढे सांगलीजवळ हरिपूरला वारणा आणि नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते. तोवर उतार इतका मंदावलेला असतो की पुढच्या नदीचा फुगवटा मागच्या नदीचं पाणी तुंबवतो. त्यामुळे सांगलीच्या आयर्विन पुलाखालची पातळी किती वाढणार याचा अंदाज धरणाच्या विसर्गाबरोबर केरा, मोरणा, वांगच्या खोऱ्यांतला पाऊस आणि वारणा-पंचगंगेचे पूर एकाच वेळी येतात की मागेपुढे, हे पाहूनच करावा लागतो.