सोलापुरातील वारसा पिस्तुले: ओळख, सुटे भाग आणि दोन शस्त्रांची मर्यादा

सोलापूर जिल्ह्यात जुन्या शस्त्रांची आवड नवी नाही. अक्कलकोटच्या राजवाड्यातील शस्त्रसंग्रह अनेकांनी पाहिलेला आहे. घरातल्या तिजोरीत आजोबांच्या परवान्यावर असलेल्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाची बाब मात्र वेगळी आहे. ते शंभर वर्षांचे असले तरी कायद्याच्या लेखी संग्रहवस्तू नसून चालू शस्त्र असते, आणि त्याची ओळख पटवणे व त्याला जुने साहित्य जोडणे या दोन्ही गोष्टी याच दर्जाने बांधलेल्या आहेत.

अशी पिस्तुले बहुधा .32, म्हणजे 7.65 मिलिमीटर काडतुसाची असतात. हे काडतूस 1899 च्या सुमारास बेल्जियममधून आले आणि त्याच्या आधारे 1903 मध्ये अमेरिकेतील कोल्ट कंपनीचे खिशात मावणारे पिस्तूल निघाले. ब्रिटनमधील वेब्ली कंपनीचे 1908 चे पिस्तूल याच काडतुसाचे असून 1911 मध्ये लंडनच्या पोलिसांनी ते स्वीकारले. वेब्लीचा घोडा बाहेर दिसतो, तर कोल्टचा सरकत्या भागाखाली दडलेला असतो. कोल्ट नेमके कोणत्या काळातले, हे मुठीवरून बरेचसे कळते: सुरुवातीच्या नगांना कडक काळ्या रबराच्या पट्ट्या आहेत आणि 1920 च्या दशकाच्या मध्यापासून चौकटीदार कोरीव अक्रोडी लाकडाच्या, मध्ये गोल पदक बसवलेल्या. नळी आरंभी 4 इंचांची होती, पुढे ती पाव इंचाने कमी झाली. मूठ एका काळातली आणि नळी दुसऱ्या काळातली असेल, तर कोणी तरी मध्ये हात लावला आहे असे समजावे.

1878 च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा केला होता. 1959 चा कायदा 1962 मध्ये अमलात आला आणि त्यात जुन्या घाटाच्या वा पुरातन मूल्याच्या शस्त्रांना सूट मिळाली, पण ती दुरुस्तीनेही चालू न शकणाऱ्या शस्त्रांपुरतीच. .32 चे काडतूस आजही मिळते, म्हणून आपल्या घरची पिस्तुले या सवलतीत बसत नाहीत. 1980 च्या दशकाच्या मध्यात व्यक्तिगत आयातीवर निर्बंध आले आणि घरोघरी असलेले नग आणखी मौल्यवान ठरले.

खरा वाद 2019 च्या दुरुस्तीचा आहे. 1983 पासून एका परवानाधारकाला तीन शस्त्रे ठेवता येत होती. विधेयकात ही संख्या थेट एकावर आणण्याचे योजले होते. विरोध झाल्यावर ती दोन करण्यात आली आणि 14 डिसेंबर 2019 पासून अमलात आली. जादा शस्त्र वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. वारसाहक्काने येणाऱ्या शस्त्रालाही हीच मर्यादा लागू झाली. खेळाडूंना वेगळी सूट आहे, संग्राहकाला नाही. वडिलांची बंदूक, स्वतःची रायफल आणि आजोबांचे पिस्तूल असलेल्या माणसाला यातले कोणते सोडायचे, हे केवळ संख्येने ठरवायला लावणे न्याय्य नव्हते. शेतराखणीची बंदूक आणि वर्षातून दोनदा तेल लावून परत कापडात गुंडाळले जाणारे 1920 च्या दशकातले पिस्तूल यांच्यातला फरक नियमाने ओळखायला हवा होता. शस्त्रांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा हेतू योग्य आहे, हे मान्य करूनही ही उणीव जाणवते. ठाण्याच्या कोठारात तेलपाण्याविना पडलेल्या पोलादाला गंज चढतोच.

मर्यादेबरोबरच जोडसाहित्याचाही विचार करायला हवा. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच आहेत, त्यामुळे परवान्याशिवाय मूळ नळी किंवा काडतुसे भरायचे मॅगझिन शोधत फिरणे धोक्याचे आहे, मग ते कितीही जुने असो. आवाज दाबणारा जोडभाग तर व्याख्येत स्पष्ट नमूद आहे. उलट चामड्याचे म्यान, मूळ खोका, माहितीपुस्तिका व जुनी खरेदीपावती यांना ती अडचण नाही, आणि पिस्तुलाचा इतिहास शाबीत करण्यासाठी पावतीइतके उपयोगाचे दुसरे काही नाही. झिलई पुन्हा चढवण्याचा मोह मात्र टाळावा. घासताना मूळ निळसर छटा जातेच, शिवाय क्रमांक पुसट झाला तर ओळखचिन्ह पुसल्याच्या गुन्ह्याचा प्रश्न उभा राहतो, आणि परवान्यावरील नोंदीशी क्रमांक जुळला नाही तर वारसाला नूतनीकरणाच्या वेळी खुलासा देत बसावे लागते.