पल्सचा पट्टा घेतलाय? मग हे वाचाच

नमस्कार मंडळी, हृदयाचे ठोके मोजणारा हा पट्टा घेऊन गेल्यावर बऱ्याच जणांचा पहिला फोन हाच येतो, की यवतेश्वरचा घाट चढायला लागलो आणि दहा-पंधरा सेकंदात आकडा ७० वरून १०० ला गेला, पट्टा बिघडलाय का? पट्टा एकदम ओके आहे हो, तुमच्या नर्व्हज काम करतायत!

हृदयात सायनस नोड म्हणून एक जागा असते, तिला कोणी काही सांगितलं नाही तर ती आपली आपण मिनिटाला साधारण १०० ठोके देते. हार्ट ट्रान्सप्लांट झालेल्यांचा पल्स नुसतं बसल्यावरही ९०-१०० च्या आसपास असतो तो म्हणूनच, त्या हृदयाच्या नर्व्हज कापलेल्या असतात. आपला ७० असतो कारण मेंदूतून येणारी व्हेगस नर्व्ह सतत ब्रेक लावून असते. चढ लागला की आधी हा ब्रेक सुटतो, लगेच सुटतो, आणि मग ठोके वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नर्व्हज आणि अ‍ॅड्रिनलिन जोर धरतात, पण त्यांना जरा वेळ लागतो, म्हणून तर आम्ही वॉर्मअपसाठी एवढे मागे लागतो.

आता खरी बघायची गोष्ट. सगळे मॅक्सिमम किती गेला तेच सांगत बसतात, आम्हाला विचाराल तर थांबल्यानंतरचं पहिलं मिनिट बघा. वर पोचलात, आकडा १६५, मिनिटभराने १३० झाला तर मस्त, व्हेगस पटकन परत आली. ट्रेडमिल टेस्टमध्ये पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमीच उतरला तर डॉक्टरही त्याची नोंद घेतात. सावकाश, लांब पळणं महिनोन्‌महिने चालू ठेवलं की हे उतरणं सुधारतं आणि सकाळचा पल्सही खाली येतो, मुरलेल्या रनर्सचा तर ४०-५० असतो (त्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं आणि सायनस नोडही मंदावलेला असतो).

झोप झाली नाही, टेन्शन आहे, ताप येतोय, तर सकाळी अंथरुणातच आकडा नेहमीपेक्षा चढा दिसेल, त्या दिवशी घाट नको, सपाटीवर हलकं पळा, आणि ताप असेल तर पळणंच नको.

आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकरची गोळी चालू असेल तर पट्टा घेतानाच सांगा प्लीज, त्या गोळीने पल्स नेहमीइतका वर जात नाही, मग मॅक्सिमम पल्ससाठीचा २२० वजा वय हा हिशोब तुम्हाला लागू पडत नाही, तुमची लिमिट डॉक्टरांकडून लिहून आणा, आम्ही तीच घड्याळात सेट करून देऊ.