कंपवातात चालल्याने आजार वाढत नाही

“कंपवात झाला की माणसाला बसवून ठेवा, हालचालीने आजार वाढतो,” असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतोय. काळजीपोटीच तो पुढे पाठवला जातो.

दमल्यावर हात जास्त थरथरतो हे खरं, पण ते तात्पुरतं असतं. आजार वाढतो तो मेंदूतल्या डोपामिन (हालचालींवर ताबा ठेवायला मदत करणारं रसायन) तयार करणाऱ्या पेशी घटत गेल्याने; चालण्याने त्या झिजत नाहीत. बसून राहिल्याने मात्र स्नायू अशक्त होतात, सांधे आखडतात, बद्धकोष्ठताही बळावते.

चालण्या-व्यायामाने हालचाल बिघडते का, ते घरी पडताळा. खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. लागलेला वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांना विचारून काही आठवडे व्यायाम केल्यावर पुन्हा मोजा, कंपवाताची गोळी घेतल्यावर पहिल्यांदा जितक्या वेळाने मोजलं तितक्याच वेळाने, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही. वळताना तोल जाऊ शकतो, म्हणून शेजारी कुणीतरी हवंच.