थिनरसाठी पाण्याची बाटली आणू नका

गणपतीची चवथ जवळ आली की घरं रंगवायला निघतात आणि थिनर, टर्पेंटाइन, ॲसिड न्यायला आमच्या दुकानात रीघ लागते. बरेच जण पाण्याची नाहीतर शीतपेयाची रिकामी बाटली पुढे करतात. तिच्यात आम्ही भरून देत नाही. काही जण रागावतात, तरी देत नाही. थिनर दिसायला पाण्यासारखं असतं, आणि चवथीला मूळ घरी आलेल्या तीन वर्षांच्या मुलाला न्हाणीच्या कोपऱ्यातली बाटली पाण्याचीच वाटणार. सीलबंद डबा न्या, उरलेलं त्यातच ठेवा आणि डबा माळ्यावर टाका.

मुलाने घोट घेतलाच तर उलटी काढू नका, मीठपाणी पाजू नका. उलटी होताना थिनर किंवा रॉकेल फुप्फुसात उतरतं. ॲसिड वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. 108 ला फोन करा आणि डबा सोबत न्या, म्हणजे नेमकं काय पोटात गेलं ते डॉक्टरांना कळेल.

दुसरी काळजी बटण सेलची. गेल्या चवथीला आमच्याच घरी मखरापुढच्या विजेच्या पणतीचं बूड निघालं आणि रुपयाएवढा सेल नातीच्या मुठीत सापडला. ओठांपर्यंत गेलेला हात वहिनीने धरला म्हणून निभावलं. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहते, तिथे तीव्र अल्क (ॲसिडसारखाच भाजणारा पदार्थ) तयार होतो आणि दोन तासांत खोल जखम होऊ शकते. पणती पेटेनाशी झाली तरी सेलमध्ये तेवढा जीव उरलेला असतो. बाहेरून दिसतं एवढंच, की मूल लाळ गाळतंय, खोकतंय, जेवत नाही. शौचावाटे पडेल म्हणून वाट बघू नका. एक्स-रेची सोय असलेलं जवळचं इस्पितळ गाठा. खेळणं, रिमोट, पणती घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का ते बघा. नसेल तर आम्हीच सांगू, घेऊ नका.

माळेला प्लग नसला की वायरीची टोकं सोलून सॉकेटात खुपसायची आणि काडेपेटीच्या काड्या घालून घट्ट करायची, ही आपल्याकडची जुनी सवय. मुलं ते बघत असतात. बाबा काहीतरी खुपसतात, मग आपण चमचा घालून बघितला तर काय झालं, असं पोराला वाटलं तर त्याला रागावून काय उपयोग? माळ घेऊन या. प्लगटॉपचे पैसे द्या, बसवून आम्ही देतो.

शॉकचं बोललं की "आमच्याकडे एमसीबी आहे" असंही पुष्कळ जण सांगतात. एमसीबी म्हणजे मीटरजवळच्या बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच. एमसीबी पडतो तो लोड वाढला किंवा शॉर्ट झालं तर. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली तर ती तोडायला 30 मिलिॲम्पियरचा आरसीसीबी हा वेगळा स्विच लागतो. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दोन्ही तारांना एकदम हात लागला तर मात्र तोही पडेलच असं नाही, म्हणून खालची सॉकेटं आत शटर (भोकं झाकणारी पट्टी) असलेलीच घ्या.

न्हाणीत भरलेली बादली ठेवू नका. रांगणारं मूल तिच्यात डोक्यावर पडलं तर त्याला वर येता येत नाही. विहिरीवरच्या जाळीला कुलूप हवं. पंप काढायला माणूस आला तर जाण्याआधी त्याने जाळी परत बसवली का, ते स्वतः जाऊन बघा. आमचा माणूस आला असला तरी.