प्रेशर वॉशिंग: 'खर्च फक्त पाण्याचा, बाकी सगळा नफा' हे खरं का?

"मशीन घ्या, टेम्पोत टाका, खर्च फक्त पाण्याचा, बाकी सगळा नफा" असा मेसेज प्रेशर वॉशिंगच्या, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने पार्किंग-गच्ची धुऊन द्यायच्या धंद्याबद्दल फिरतोय. पटतोही, कारण बाहेरून दिसतं ते पाणीच.

आधी पाणीच मोजू. मशीन चालू करून नोझल बादलीत खाली धरा, मोबाईलवर वेळ लावा. १० लिटरची बादली मिनिटात भरली तर तासाला ६०० लिटर, म्हणजे ५०० लिटरची टाकी ५० मिनिटांत खलास आणि मग सोसायटीचा नळ, तोही त्यांनी दिला तर (हे आधीच विचारून घ्या, भांडणं इथेच होतात). वर डिझेल, जायचा-यायचा वेळ, पाईप पसरून परत गुंडाळणं, हेल्परची मजुरी, केमिकल, आणि नोझल नि पंपाचे सील झिजतात ते वेगळंच.

रेट स्क्वेअर फुटावर सांगा, हरकत नाही, पण ऑईलचे डाग पडलेलं पार्किंग आणि नुसती धुळीची गच्ची एकाच भावात कशी बसणार? १०० स्क्वेअर फूट धुऊन बघा, मिनिटं लिहून ठेवा, त्यावरून पूर्ण कामाचे तास काढा, त्यात वरचा सगळा खर्च आणि स्वतःची मजुरी धरा. मिनिमम चार्ज ठेवाच, नाहीतर एका बाल्कनीसाठी अर्धा दिवस जातो.