कपाटाची किल्ली कपाटातच

एका ओळखीच्या दुकानात हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर चालतं. ते ज्या विंडोज १० वर बसवलंय, तिला आता स्वतःचं असं खरं यंत्र नाही. लिनक्सवरच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, तिचा संसार आहे. मालकांना कुणीतरी सांगितलं, "सेटिंगमध्ये डिस्कपुढे आयडीई लिहिलंय ना, तिथे व्हर्टआयओ करा, मशीन पळायला लागेल." आयडीई आणि व्हर्टआयओ या मशीनला डिस्क जोडण्याच्या दोन पद्धती: पहिली जुनी, दुसरी खास आभासी मशीनांसाठीची. मालकांनी तसं केलं. मशीन पळालं तर नाहीच, निळा पडदा मात्र आला: 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. डिस्कची फाइल जागच्या जागी होती, तिच्यातलं काहीही हरवलं नव्हतं. तरी विंडोज म्हणत होती, मला माझी डिस्क सापडत नाही.

सल्ला खोटा नव्हता. अपुरा होता. संगणक सुरू होताना डिस्क एकदाच शोधली जाते असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तीच डिस्क वेगवेगळे प्रोग्राम पुन्हापुन्हा, आपापल्या डोळ्यांनी शोधतात, आणि एकाला ती दिसली म्हणून पुढच्याला दिसेलच असं नाही. खऱ्या यंत्रात ही गोष्ट सहसा जाणवत नाही, कारण डिस्क ज्या खाचेत बसवली तिथेच ती वर्षानुवर्षं राहते. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र ती खाच एका ड्रॉपडाऊनमधून बदलता येते.

मुळात ही डिस्क म्हणजे यजमान संगणकावरची, ज्या खऱ्या संगणकावर मशीन चालतं त्यावरची, एक फाइल. आतल्या विंडोजला १०० जीबीची डिस्क दिसते आणि बाहेर फाइल भरते जेमतेम १८ जीबी, असं सर्रास असतं. क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रसिद्ध मुक्त सॉफ्टवेअरचा क्यूकाऊ२ हा फाइलप्रकार डिस्कचे ६४ केबीचे तुकडे पाडतो आणि एखाद्या तुकड्यावर पहिल्यांदा काही लिहिलं गेलं की मगच त्याच्यासाठी फाइलमध्ये जागा घेतो. कुठला तुकडा फाइलीत कुठे आहे, याची दोन पातळ्यांची अनुक्रमणिका तो बाळगतो. कल्पना जुनी आहे: १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमच्या सीपी-६७ प्रणालीत एकाच अवाढव्य डिस्कचे भाग पाडून प्रत्येक वापरकर्त्याला त्याची 'मिनिडिस्क' दिली जात असे, आणि त्याला ती अख्खी डिस्कच वाटे. फक्त तिथे जागा आधीच मोजून दिलेली असायची. आज आपण ती उधारीवर देतो. पाच मशीनांना १००-१०० जीबी कबूल करायचे आणि खरी डिस्क २५० ची, हे चालून जातं, जोवर सगळे एकदम मागायला येत नाहीत तोवर.

आता पहिला शोध. इंटेल घराण्यातला प्रोसेसर जागा झाला की पहिली सूचना ४ जीबीच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडून वाचतो. आभासी प्रोसेसरही तेच करतो, म्हणून तिथे कुणीतरी एक प्रोग्राम ठेवून द्यावा लागतो. तोच फर्मवेअर: जुन्या पद्धतीचा बायॉस किंवा नव्या पद्धतीचा यूईएफआय. बायॉसची अक्कल फार मर्यादित. बूट ऑर्डरच्या यादीतली डिस्क घ्यायची, तिचे पहिले ५१२ बाइट मेमरीत आणायचे, शेवटचे दोन बाइट षोडशमान पद्धतीत ५५ आणि एए आहेत का ते पाहायचं. असले तर त्या बाइटांच्या हाती कारभार सोपवून मोकळं व्हायचं. नसले तर यादीतलं पुढचं नाव. त्या ५१२ पैकी ६४ बाइट पार्टिशनांच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्याला जातात, दोन त्या खुणेला. उरलेल्या ४४६ बाइटांत पुढच्या प्रोग्रामला हाक मारण्याची सोय करायची. पोस्टकार्डावर मृत्युपत्र लिहिण्यातला प्रकार.

बूट ऑर्डर लावताना नवखा माणूस हमखास सीडीला पहिलं स्थान देतो, कारण त्याला आयएसओ फाइलवरून, म्हणजे सीडीच्या फाइलरूप प्रतीवरून, ऑपरेटिंग सिस्टीम बसवायची असते. बसवून होते, मशीन पुन्हा सुरू होतं, आणि पुन्हा बसवण्याचाच पडदा दाराशी हजर. विंडोजची सीडी 'कुठलंही बटण दाबा' असं विचारते ते याचसाठी. काही सेकंदांत कुणी बटण दाबलं नाही की ती बाजूला होते. त्याहून सोपा मार्ग म्हणजे डिस्क पहिली, सीडी दुसरी. डिस्क कोरी असेपर्यंत तिच्यावर ती ५५-एएची खूण नसतेच, त्यामुळे बायॉस आपणहून सीडीकडे वळतो. एकदा खूण उमटली की सीडीची पाळी येत नाही. यादीला हात न लावता दोन्ही कामं होतात. मला ही युक्ती कळायला उगाच दोन-तीन वर्षं लागली.

(सीडीवरून बूट करण्याच्या मानकाचं नाव 'एल टोरिटो'. फिनिक्स टेक्नॉलॉजीज आणि आयबीएम यांनी ते १९९५ मध्ये मांडलं, आणि नाव घेतलं ते कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन रेस्टॉरंटचं. आजच्या आयएसओ फाइलींतही हे नाव लपलेलं असतं.)

क्यूएमूमध्ये हा क्रम पूर्वी अक्षरांनी द्यायचे: ए म्हणजे फ्लॉपी, सी हार्ड डिस्क, डी सीडी, एन नेटवर्क. डॉसच्या काळाचा वारसा. पण डिस्का तीन असल्या तर नुसत्या 'सी'ने काय कळणार? म्हणून आता प्रत्येक उपकरणालाच क्रमांक देतात: ही डिस्क एक, ही सीडी दोन. दोन्ही पद्धती एकाच मशीनच्या वर्णनात मिसळल्या तर क्यूएमूवर देखरेख करणारं लिबव्हर्ट सरळ नकार देतं, आणि ते बरंच करतं.

यूईएफआय जास्त शिकलेला. तो डिस्कवरच्या एका छोट्या फॅट पार्टिशनमध्ये जाऊन फाइल शोधतो, आणि कुठली फाइल आधी घ्यायची याची टिपणं वेगळ्या स्मरणात ठेवतो. खऱ्या यंत्रात हे स्मरण मदरबोर्डावरच्या चिपमध्ये असतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये ते म्हणजे आणखी एक चिमुकली फाइल. मशीन दुसऱ्या संगणकावर नेताना लोक डिस्कची फाइल नेतात, ही मागेच राहते. मग यूईएफआय ठरलेल्या एका जागी ठरलेल्या नावाची फाइल आहे का ते बघतो. विंडोज तिथे सहसा एक प्रत ठेवून देते. काही लिनक्स वितरणं (लिनक्सच्या तयार आवृत्त्या) ठेवत नाहीत, आणि धडधाकट डिस्क समोर असूनही मशीन 'बूट करण्याजोगं काही नाही' म्हणतं. काखेत कळसा, गावाला वळसा. बायॉस की यूईएफआय हे म्हणूनच मशीनच्या जन्माच्या वेळी ठरवायचं; नंतर बदललं तर एकाने मांडलेलं घर दुसऱ्याला ओळखू येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या अशाच सॉफ्टवेअरने तर हा पर्याय नंतरसाठी ठेवलेलाच नाही. तिथे 'जनरेशन १'चं मशीन आयडीईवरच्याच डिस्कवरून सुरू होतं, २०१३ पासून आलेल्या 'जनरेशन २'मध्ये आयडीई अजिबात नाही, आणि एकदा निवडलेली पिढी बदलता येत नाही.

दुकानातल्या मशीनचा हा पहिला शोध व्यवस्थित पार पडला होता, कारण क्यूएमूच्या बायॉसला आयडीईही कळतं आणि व्हर्टआयओही. गाडं अडलं दुसऱ्या शोधात.

त्याआधी, मालकांना व्हर्टआयओचा मोह का पडला ते पाहू. क्यूएमूचं नेहमीचं जुनं मशीन इंटेलच्या १९९६ च्या चिपसेटचं सोंग घेतं. त्यातल्या आयडीई डिस्ककडून काही वाचून घ्यायचं तर किती सेक्टर, पत्त्याचे तुकडे, कुठली डिस्क, कुठला हुकूम असे आकडे वेगवेगळ्या पोर्टांवर, म्हणजे उपकरणाशी बोलण्याच्या क्रमांकित खिडक्यांवर, एकेक करून लिहावे लागतात. खऱ्या तारेवर हे चुटकीसरशी होतं. पण आभासी मशीनमध्ये पोर्टच खोटा! प्रत्येक आकड्याला पाहुणा, म्हणजे आतल्या मशीनचा प्रोसेसर, थबकतो, कारभार यजमानाकडे जातो, यजमान सोंग वठवतो, मग पाहुणा पुन्हा चालू. एका वाचनासाठी सहा-सात वेळा उंबरठा ओलांडायचा. रस्टी रसेल या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००८ च्या सुमारास वेगळा विचार पुढे आणला. पाहुण्याला आपण आभासी आहोत हे कळलं तर बिघडलं कुठे? दोघांना दिसेल अशा मेमरीत एक गोलाकार रांग ठेवायची, पाहुण्याने आपल्या मागण्या तिच्यात मांडून ठेवायच्या आणि एकदाच दार वाजवायचं. हेच व्हर्टआयओ. दहा मागण्यांनाही एक टकटक पुरू शकते.

अडचण एवढीच की अशी डिस्क कुठल्याही कारखान्यात कधी बनली नाही, आणि विंडोज सोबत तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिच्याशी कसं बोलायचं हे जाणणारा प्रोग्राम, घेऊन येत नाही.

विंडोज सुरू होताना तिचा लोडर बायॉसच्या मदतीने कर्नल, म्हणजे तिचा गाभा, मेमरीत आणतो, आणि रजिस्ट्री या तिच्या सेटिंगांच्या नोंदवहीत 'सुरुवातीलाच लागणारे' अशी नोंद असलेले ड्रायव्हरही. त्यानंतर कर्नल कारभार हाती घेतो आणि बायॉसचा हात सुटतो. इथून पुढे डिस्क वाचायची ती स्वतःच्या ड्रायव्हरनेच. आयडीईचा ड्रायव्हर सोबत आलेला असतो, पण समोर आयडीई डिस्क नसते. व्हर्टआयओचा ड्रायव्हर डिस्कवर कुठे पडलेला असला तरी तो उचलायला आधी डिस्क वाचता यायला हवी. कपाटाची किल्ली कपाटातच राहिली.

लिनक्समध्येही हा पेच आहेच, फक्त तिथे किल्ली खिशात घालून निघायची पद्धत आहे. कर्नलबरोबर इनिटरॅमएफएस नावाचं गाठोडं मेमरीत येतं, त्यात गरजेचे ड्रायव्हर बांधलेले असतात. पण फेडोरासारखी काही वितरणं गाठोडं हलकं राहावं म्हणून सध्याच्या यंत्राला लागतं तेवढंच बांधतात. मग डिस्कची खाच बदलली की तेही तोंडघशी पडतं आणि काळ्या पडद्यावर तातडीचा प्रॉम्प्ट येतो. त्यापुढे तिसरा शोध, नावाचा: आयडीई किंवा त्यानंतर आलेल्या साटावर जी डिस्क 'एसडीए' होती ती व्हर्टआयओवर 'व्हीडीए' होते. फाइल सिस्टीम जोडण्याच्या यादीत जुनं नाव लिहून ठेवलेलं असेल तर पुन्हा शोधाशोध. म्हणून हल्ली नावाऐवजी फाइल सिस्टीमचा यूयूआयडी हा लांबलचक क्रमांक लिहितात. खाच बदलली तरी तो बदलत नाही.

दुकानातल्या मशीनवरचा उपाय दहा मिनिटांचा निघाला. मूळ डिस्क पुन्हा आयडीईवर आणली. विंडोज मुकाट्याने सुरू झाली. मग एक जीबीची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडली आणि ड्रायव्हरांची आयएसओ सीडीच्या जागी लावली. विंडोजला नवं उपकरण दिसलं, ड्रायव्हर बसला, आणि 'सुरुवातीलाच लागणारे' या यादीत त्याची नोंद झाली. मशीन बंद करून मूळ डिस्कही व्हर्टआयओवर नेली, बूटच्या क्रमात तिला पहिला नंबर दिला. या वेळी निळा पडदा आला नाही.

ती एक जीबीची रिकामी डिस्क आता काढून टाकायला हरकत नाही, असं मी मालकांना सांगितलं. "राहू दे, कशाला हात लावता," म्हणाले. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती अजून दिसते, कोरीच्या कोरी.