क्युप्रेटांच्या रोधकतेची सरळ रेषा : पार्श्वभूमी

1986 साली झुरिचजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत गेओर्ग बेडनॉर्झ आणि आलेक्स म्युलर यांना लँथॅनम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात 30 केल्व्हिनच्या आसपास अतिवाहकतेची चिन्हे आढळली. पुढच्याच वर्षी यट्रियम असलेल्या क्युप्रेटाने, म्हणजे अशाच तांबे-ऑक्सिजन संयुगाने, ही मर्यादा 93 केल्व्हिनपर्यंत नेली. साहजिकच सगळ्यांचे लक्ष रोध शून्य होतो त्या तापमानाकडे होते, आणि त्याहून वरच्या तापमानाला, म्हणजे पदार्थ अजून अतिवाहक झालेला नसताना, त्यातून वीज कशी वाहते हा प्रश्न बराचसा दुय्यम मानला गेला. वास्तविक अधिक अवघड कोडे तिथेच होते, कारण अतिवाहकतेचा 1957 चा बीसीएस सिद्धान्त ज्या ओळखीच्या धातूला गृहीत धरून सुरू होतो, तो धातूच या पदार्थांत सापडत नव्हता.

साध्या धातूत इलेक्ट्रॉनांना अडथळा होतो तो मुख्यतः स्फटिकातील अणूंच्या कंपनांचा, म्हणजे फोनॉनांचा. पुरेशा उच्च तापमानाला यातून येणारी रोधकता, म्हणजे पदार्थ विजेला करत असलेला विरोध, तापमानाच्या सम प्रमाणात वाढते, हे खरे. पण तापमान उतरू लागले की फोनॉन झपाट्याने विरळ होतात आणि रोधकता सरळ रेषा सोडून खाली वळते. इलेक्ट्रॉनांच्या आपसांतील टकरींमुळे येणारा वाटा लान्दाऊच्या फर्मी द्रव सिद्धान्तानुसार, म्हणजे साध्या धातूतील इलेक्ट्रॉनांच्या प्रचलित वर्णनानुसार, तापमानाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. दुसऱ्या टोकाला, दोन टकरींमधील सरासरी अंतर अणूंमधील अंतराइतके आखूड झाले की रोधकतेची वाढ मंदावावी, अशी अपेक्षा असते, आणि निओबियमच्या काही संयुगांत 1970 च्या दशकात तसे दिसलेही होते. म्हणजे रेषा दोन्ही टोकांना वाकायला हवी.

क्युप्रेटांत ती वाकली नाही. बेल प्रयोगशाळेतील मायकेल गुर्विच आणि अँथनी फायोरी यांनी 1987 साली स्ट्राँशियम मिसळलेल्या लँथॅनम क्युप्रेटाची मापने 1100 केल्व्हिनपर्यंत नेली, तरी रोधकतेची वाढ मंदावण्याची खूण त्यांना दिसली नाही. काही वर्षांतच, ज्याचे अतिवाहक संक्रमण अगदी कमी तापमानाला होते अशा एका बिस्मथ क्युप्रेटात सुमारे 10 पासून 700 केल्व्हिनपर्यंत सरळ रेषा मिळाली. इतक्या खालच्या तापमानाला फोनॉनांचे स्पष्टीकरण टिकणे कठीण होते. आलेख दिसायला इतका साधा होता की त्यातली अडचण चटकन जाणवत नव्हती.

1989 साली चंद्र वर्मा आणि सहकाऱ्यांनी ‘सीमान्त फर्मी द्रवा’ची कल्पना मांडली, तीत इलेक्ट्रॉनांच्या प्रकीर्णनाचा, म्हणजे टकरींमुळे मार्ग बदलण्याचा, दर तापमानाच्या थेट प्रमाणात वाढतो. रोधकतेपुरते हे चांगले जुळत होते. अडचण आली ती हॉल परिणामाची, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडव्या दिशेने निर्माण होणाऱ्या विद्युतदाबाची. साध्या धातूत जवळजवळ स्थिर राहणारा हॉल गुणांक (या दाबाचे माप) इथे तापमानाबरोबर घटत होता. 1991 मध्ये प्रिन्स्टन येथे फुआन ओंग यांच्या गटाने जस्ताची भेसळ केलेल्या यट्रियम क्युप्रेटात दाखवले की हॉल कोनाची (चुंबकीय क्षेत्रामुळे प्रवाह आणि विद्युतक्षेत्र यांच्यात पडणाऱ्या कोनाची) कोटिस्पर्शज्या तापमानाच्या वर्गाप्रमाणे वाढते, आणि जस्तामुळे तिच्यात केवळ एका स्थिर राशीची भर पडते. एकाच नमुन्यात रोधकता तापमानाच्या पहिल्या घाताने आणि हॉल कोन दुसऱ्या घाताने नियंत्रित होत असेल, तर प्रकीर्णनाचा एकच दर पुरत नाही. फिलिप अँडरसन यांनी त्यावरून दोन स्वतंत्र दरांची कल्पना सुचवली. ती सर्वमान्य झाली नाही, पण कोणत्याही सिद्धान्ताने या दोन्ही निरीक्षणांचा एकत्र हिशोब द्यावा ही अट तेव्हापासून कायम राहिली.

भेसळीचे, म्हणजे डोपिंगचे, प्रमाण बदलले की चित्र आणखी गुंतते. डोपिंगने निर्माण होणारे होल, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा, कमी असतील तर एका विशिष्ट तापमानाखाली रोधकता सरळ रेषेच्या खाली घसरते, ही आभासी ऊर्जाफटीची (अतिवाहकता येण्यापूर्वीच इलेक्ट्रॉनांच्या काही ऊर्जापातळ्या विरळ होण्याची) एक खूण मानली जाते. डोपिंग फार वाढवले तर नेहमीच्या धातूसारखा वर्गनियम परत येऊ लागतो. अतिवाहकता मोडून तिच्याखालची अवस्था पाहायची तर तीव्र चुंबकीय क्षेत्र लागते. योइची आंदो आणि ग्रेग बोबिंजर यांनी 1995 मध्ये सुमारे 60 टेस्लाच्या स्पंदित क्षेत्रात कमी होलांच्या लँथॅनम क्युप्रेटाची रोधकता तापमान उतरताना लॉगॅरिदमप्रमाणे चढत जाते, असे दाखवले. 2009 मध्ये नायजेल हसी यांच्या गटाने जास्त डोपिंगच्या बाजूला रोधकतेतील रेषीय वाटा एका बिंदूपुरता न राहता रुंद पट्ट्यात टिकतो असे नोंदवले, आणि त्यामुळे क्वांटम क्रांतिक बिंदूवर (शून्य तापमानाला एक अवस्था संपून दुसरी सुरू होते त्या डोपिंगवर) आधारलेले सोपे स्पष्टीकरण अपुरे पडू लागले.

2004 साली यान झानेन यांनी या प्रकीर्णनाला ‘प्लांकीय’ म्हटले : टकरींमधील काळ केवळ प्लांक स्थिरांक, बोल्ट्झमन स्थिरांक आणि तापमान यांवरून ठरतो, आणि 300 केल्व्हिनला तो साधारण 25 फेम्टोसेकंद येतो. 2019 मध्ये लुई टायफेर यांच्या गटाने अनेक क्युप्रेटांत ही राशी जुळत असल्याचे दाखवले. मात्र तांब्यासारख्या साध्या धातूतही, जिथे कारण निर्विवादपणे फोनॉन आहेत, उच्च तापमानाला याच पातळीचे आकडे मिळतात. त्यामुळे आकड्यांच्या जुळणीला यंत्रणेचा पुरावा मानणे मला घाईचे वाटते. त्याच वर्षी हबर्ड प्रतिमानावरील (जाळीवर उड्या मारणाऱ्या आणि एकमेकांना दूर ढकलणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या सोप्या प्रतिमानावरील) संगणकीय गणितांतून फोनॉनांशिवायही रेषीय आणि न मंदावणारी रोधकता निघाली, पण ती गणिते उच्च तापमानालाच शक्य होती. काही केल्व्हिनपर्यंत उतरणारे रेषेचे दुसरे टोक त्यांच्या आवाक्याबाहेर राहिले.